कमी ऑक्सिजनचा कक्ष : एका देणगी-प्रस्तावाविषयी
(वार्षिक सर्वसाधारण सभेतील निवेदन)



जमाखर्चाचे आकडे आपल्या हाती आहेतच; ते वाचून दाखवून आपला वेळ घेत नाही. आज एका प्रस्तावाविषयी बोलणे अगत्याचे वाटते. कंपवाताने वडील गमावलेल्या एका स्नेह्यांनी, हवेतील ऑक्सिजन कमी करणारी यंत्रणा बसवून उपचार-कक्ष उभारण्यासाठी मोठी रक्कम देऊ केली. विश्वस्त मंडळाने ती तूर्त स्वीकारलेली नाही. त्याची कारणे आपणांसमोर ठेवणे आम्ही कर्तव्य समजतो.

प्रथमदर्शनी ही कल्पना उफराटीच वाटते. एप्रिल २०२१ मध्ये एकेका सिलिंडरसाठी नातेवाइकांनी केलेली वणवण कोण विसरेल? त्याच महिन्याच्या २१ तारखेस नाशिकच्या महापालिका रुग्णालयात ऑक्सिजनच्या टाकीला गळती लागून पुरवठा खंडित झाला आणि वीसहून अधिक रुग्ण दगावले. मग ऑक्सिजन कमी करणे हा उपचार कसा?

तरीही प्रस्तावामागे गंभीर संशोधन आहे, हे मान्य केलेच पाहिजे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलचे डॉ. वामसी मूथा व सहकाऱ्यांनी २०१६ साली ‘ली सिंड्रोम’ या बालकांच्या दुर्धर मेंदूविकारावर प्रयोग केला. तसा विकार असलेले उंदीर साध्या हवेत सुमारे दोन महिन्यांत मरत. २१ ऐवजी ११ टक्के ऑक्सिजनच्या हवेत ते कित्येक महिने जगले. २०२५ मध्ये डॉ. मूथा व डॉ. फुमितो इचिनोसे यांच्या गटाने कंपवातसदृश विकाराच्या उंदरांतही चेतापेशींचा ऱ्हास थोपवता येतो, असे दाखवले.

आमच्यासारख्या वाणिज्य शाखेच्या माणसाला याचे मर्म असे उमगले : कारखाना मंदावला, पण कच्चा माल पूर्वीइतकाच येत राहिला, तर तो गोदामात साचतो व नासाडी करतो. आजारी पेशीत न वापरलेला ऑक्सिजन असाच साचून अपाय करतो. आवक घटवली की पेशीला उसंत मिळते.

परंतु हे सारे उंदरांत सिद्ध झाले आहे. कंपवाताच्या रुग्णांसाठी तो मान्यताप्राप्त उपचार नाही. शिवाय ११ टक्के म्हणजे साडेचार हजार मीटरहून अधिक उंचीवरची विरळ हवा. आपले कळसूबाई शिखरसुद्धा अवघे १,६४६ मीटर! उत्तनच्या किनाऱ्यावर आयुष्य काढलेल्या, हृदयविकार वा दमा जडलेल्या सत्तरीच्या रुग्णाला एकाएकी त्या हवेत ठेवणे जिवावर बेतू शकते. ली सिंड्रोमच्या उंदरांत तर दिवसातून दहा तास कमी ऑक्सिजन देऊनही लाभ झाला नव्हता. तो अखंड द्यावा लागला. प्रस्तावित कक्षात रुग्ण बसणार होता रोज एक तास.

नातेवाइकांस एक कळकळीची विनंती. असे काही वाचून घरच्या रुग्णाचा ऑक्सिजन आपल्या मनाने कमी करू नये. पूर्ण बंद पडल्यास मेंदूच्या पेशी काही मिनिटांतच मरू लागतात.

सदर स्नेह्यांनी आमचे म्हणणे शांतपणे ऐकून घेतले. त्याच रकमेतून कंपवाताच्या रुग्णांसाठी फिजिओथेरपी विभाग वाढवावा, दाराशी त्यांच्या वडिलांच्या नावाची पाटी लावावी, असे आम्ही सुचवले आहे. त्यांचे उत्तर यावयाचे आहे.