गिलाव्याआधीचा तिसरा पाईप
(वीज ठेकेदार आणि वायरमन यांच्या जिल्हा अधिवेशनातील अध्यक्षीय भाषण)



अध्यक्षाने सगळ्या विषयांना थोडं थोडं शिवून जावं अशी आपल्याकडे पद्धत आहे. दरपत्रक, परवान्यांचं नूतनीकरण, हाताखाली माणूस न मिळणं, हे सगळं माझ्यानंतरचे वक्ते मांडणारच आहेत आणि माझ्यापेक्षा तावातावाने मांडतील. मी एकच विषय धरतो: नव्या घरातलं नेटवर्क. ते काम आपलं आहे आणि आपण ते आपणहून सोडून दिलं आहे, एवढंच मला म्हणायचं आहे.

हल्ली होतं काय? घर उभं राहतं, रंग होतो, वास्तुशांतीचं जेवण होतं, आणि मग मालकाला इंटरनेट आठवतं. एक मुलगा खांद्यावर फायबरचं वेटोळं घेऊन येतो. खांबावरून आंब्यावर, आंब्यावरून पडवीवर वायर आणतो, नव्या सागवानी खिडकीच्या चौकटीला भोक पाडतो, ओटीवर राउटर लटकावतो आणि पुढच्या घरी पळतो. त्या मुलाला मी दोष देत नाही. त्याला दाखवलेला एकही पाईप त्या घरात नसतो, मग तो वायर नेणार कुठून? आठ दिवसांनी मालकाचा फोन आपल्याला येतो. ‘अहो, ओटीवर नेट धावतंय, माजघरात मरतंय.’

मरणारच. आपल्या कोकणातल्या घरांच्या भिंती जांभ्याच्या. चिरा जाड, पावसाळ्यात ओल धरणारा. शहरातल्या फ्लॅटमधल्या हलक्या ब्लॉकच्या भिंतीतून वायफाय जसं पार होतं तसं ते इथे होत नाही. त्यावर सळयांचं जाळं असलेला स्लॅब. 2.4 गिगाहर्ट्झचा पट्टा निदान एखादी भिंत ओलांडतो, पण तो संथ आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांनी भरलेला. 5 गिगाहर्ट्झ वेगवान, पण दुसऱ्या चिऱ्याला दमतो. मालक मग बाजारातून सिग्नल वाढवणारी पेटी आणतो. ती ज्या हवेतून सिग्नल घेते त्याच हवेतून पुढे देते, म्हणून वेग निम्म्यावर येतो. तिला मागून तार मिळाली असती तर तीच पेटी उत्तम चालली असती. सगळा प्रश्न त्या तारेचा आहे, आणि तार भिंतीत घालणं हा आपला धंदा आहे.

पूर्वी नेटसाठी वेगळा पाईप नसला तरी चालून जायचं. 15 ऑगस्ट 1995 ला विदेश संचार निगमने आपल्या देशात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं तेव्हा ते टेलिफोनच्या तारेवरूनच यायचं. टेलिफोनचा पाईप तर आपण टाकतच होतो. आता मात्र मुंबई-पुण्याचा चाकरमानी गावात घर बांधतो आणि तिथूनच नोकरी करतो. त्याची मीटिंग मध्येच तुटली तर त्याला पंखा बंद पडण्यापेक्षा जास्त राग येतो. छपरावरच्या सोलर इन्व्हर्टरलाही किती युनिट झाले ते कळवायला नेट लागतं, फाटकावरच्या कॅमेऱ्याला लागतं, टीव्हीला तर लागतंच.

म्हणून माझी मागणी साधी आहे. पाण्याचा पाईप, विजेचा पाईप, तसा नेटवर्कचा तिसरा पाईप गिलाव्याआधी पडला पाहिजे. तार आज कोणती घालायची यावर वाद घालू नका. तारा बदलतात. 1990 च्या दशकातल्या कित्येक घरांत टेलिफोनची तार कधीच मेली, पण तिचा पाईप मोकळा असेल तर आज त्यातूनच फायबर ओढता येतं. तार नसली तरी पाईप टाका, आत नायलॉनची दोरी सोडा, दोन्ही तोंडं बुचाने बंद करा. गवंडी सिमेंटचा गोळा त्यात टाकणारच, हा त्याचा जन्मसिद्ध हक्क आहे.

पाईप 25 मिलिमीटरचा घ्या. 20 मध्ये दोन तारा कशाबशा जातात, आणि तोंडाला कनेक्टर लावून आलेलं फायबर अडकतं. कोपऱ्यावर एल्बो लावू नका, लांब बेंड लावा. वीस रुपये वाचवायला लावलेला एल्बो पुढे पूर्ण भिंत फोडायला लावतो. नेटवर्कची तार तिच्या जाडीच्या चौपटीपेक्षा लहान गोलाईत वाकवू नये. आणि विजेच्या पाईपात ही तार घालायची नाही, म्हणजे नाही. सिग्नल बिघडतो हे कारण दुय्यम. तिचं आवरण 230 व्होल्टसाठी केलेलं नसतं. उंदराने दोन्ही तारा कुरतडल्या तर मालकाच्या लॅपटॉपमधून काय वाहील याचा विचार करा. दोन पाईप ओलांडायचेच असतील तर काटकोनात ओलांडा.

आता जागा. सगळ्या तारा एका ठिकाणी याव्यात, घराच्या शक्यतो मध्यावर, डीबीच्या जवळ पण डीबीत नाही. काही जण हौसेने राउटर पत्र्याच्या पेटीत बसवतात आणि दार लावतात. वायफायला त्याहून भक्कम तुरुंग नाही. स्विच, फायबरचं टोक पेटीत राहू दे, वायफाय देणारं यंत्र बाहेर, मजल्यागणिक एक, पॅसेजच्या छताला. तिथे तार न्यायची म्हणजे स्लॅब भरायच्या आधी फॅन बॉक्ससारखा एक बॉक्स ठेवावा लागतो, आणि तो फक्त आपणच ठेवू शकतो. ईशान्येला देवघर, आग्नेयेला चूल हे मालक सांगतो. राउटरची दिशा कोणत्याच शास्त्रात सांगितलेली नाही, तेवढं स्वातंत्र्य वापरा. फक्त न्हाणीघराच्या भिंतीला आणि टाकीखाली नको.

तारेबद्दल मी जरा रेंगाळणार आहे, कारण फसवणूक इथेच होते.

आपल्या पंचक्रोशीतल्या घराला कॅट-6 पुरते. ती 1 गिगाबिटचा वेग 100 मीटरपर्यंत नेते आणि 10 गिगाबिटचा सुमारे 55 मीटरपर्यंत. घरातली कोणती तार 55 मीटर भरते? दुकानदार कॅट-7, कॅट-8 दाखवील. हसून परत द्या. पण जी घ्याल ती शुद्ध तांब्याची घ्या. बाजारात तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची तार कॅट-6 च्याच खोक्यात, त्याच निळ्या आवरणात मिळते. खोकं उचलताच हाताला कळतं, कारण ॲल्युमिनियम तांब्याच्या तिसऱ्या हिश्श्याइतकंच जड. तरी खात्री नसेल तर आतली एक तार ब्लेडने खरवडा. लाल राहिली तर तांबं, पांढरी चमकली तर परत करा. मुलाम्याच्या तारेचा रोध शुद्ध तांब्याच्या सुमारे दीडपट असतो.

याचा परिणाम कुठे दिसतो? कॅमेऱ्यात. कॅमेऱ्याला आपण त्याच तारेतून वीज देतो. 2003 च्या मानकाप्रमाणे स्विच एका तारेवर 15.4 वॅट देतो, 2009 च्या मानकाप्रमाणे 30. दिवसा कॅमेरा बरा चालतो. अंधार पडला की त्याचे इन्फ्रारेड दिवे लागतात, करंट वाढतो, हलक्या तारेत व्होल्टेज पडतं आणि कॅमेरा बंद होऊन पुन्हा सुरू होतो. रात्रभर हेच. मालक कॅमेरा बदलतो, नवा कॅमेराही तसाच वागतो, आणि भिंतीतल्या तारेवर कोणाचा संशय जात नाही.

दुसरी गोम जोडणीतली. या तारेत चार जोड्या असतात आणि प्रत्येक जोडीचा पीळ वेगळा. जोडी पिळली की बाहेरचा खरखराट दोन्ही तारांवर सारखा बसतो आणि कटतो. अलेक्झांडर ग्रॅहॅम बेलने याचं पेटंट 1881 मध्ये घेतलं, म्हणजे ही युक्ती आपल्या धंद्याइतकीच जुनी. जॅक मारताना पीळ अर्ध्या इंचापेक्षा जास्त उलगडू नका. क्रम दोन्ही टोकांना एकच ठेवा: पांढरा-केशरी, केशरी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. यात निळी किंवा तपकिरी जोडी कुठे तुटली तर नेट बंद पडत नाही, आणि खरी मेख तीच आहे. 100 मेगाबिटला केशरी आणि हिरवी या दोनच जोड्या पुरतात, गिगाबिटला चारही लागतात. बहुतेक यंत्रं मुकाट्याने 100 वर उतरतात. मालक 300 चे पैसे भरतो, स्पीड टेस्टला आकडा 94 च्या आसपास अडतो आणि तो कंपनीला शिव्या देतो. 94 वर अडलेला आकडा दिसला की आधी जॅक उघडा. टेस्टर स्वस्त मिळतो, आठही दिवे ओळीने लागल्याशिवाय प्लेट बसवू नका.

कोकणाचा म्हणून एक मुद्दा आहे, तो वगळता येत नाही. मे महिन्याच्या शेवटी आणि परतीच्या पावसात वीज पडते. घरापासून गोठ्यापर्यंत, आउटहाउसपर्यंत किंवा फाटकापर्यंत मोकळ्यावरून तांब्याची तार नेली, तर जवळपास वीज पडली की झटका त्या तारेतून आत येतो आणि एका फटक्यात राउटर, टीव्ही, स्विच घेऊन जातो. दोन इमारतींच्या मधे फायबर घाला, धातूची आधारतार नसलेलं. काचेतून वीज वाहत नाही. पलीकडच्या टोकाला छोटा कन्व्हर्टर आणि तिथल्याच प्लगची वीज, की काम झालं. बाहेरची तार असेल तिथे काळ्या जाड आवरणाची, उन्हात टिकणारी. आतली तार बाहेर लावली तर आवरण तडकून पाणी आत शिरतं. राउटरला 12 व्होल्टचा छोटा यूपीएसही सुचवा. गावात लाईट गेली की नेट जायलाच हवं असं नाही.

काम सोपवताना दोन गोष्टी. प्रत्येक टोकाला चिठ्ठी: ‘माजघर टीव्ही’, ‘वरची खोली टेबल’. आणि पासवर्ड. कॅमेरे आणि रेकॉर्डर कारखान्यातून ज्या पासवर्डने येतात तोच बहुतेक घरांत कायम राहतो. 2016 मध्ये मिराई नावाच्या घुसखोर प्रोग्रॅमने जगभरातली अशीच लाखो यंत्रं ताब्यात घेऊन मोठमोठ्या वेबसाइटी पाडल्या. पासवर्ड मालकासमोर बदला, त्याच्या वहीत लिहायला लावा, आणि तुमच्या मोबाईलमध्ये ठेवू नका. पाहुण्यांसाठी वेगळं वायफाय करून द्या. गणपतीत घरात माणसं किती येतात ते मी सांगायला नको.

इमारतीतल्या नेटवर्कचा विषय सरकारी पातळीवरही पोचला आहे. 2016 च्या राष्ट्रीय इमारत संहितेत त्यावर स्वतंत्र प्रकरण आहे. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने 2024 मध्ये इमारतींना डिजिटल जोडणीनुसार तारांकन देण्याचे विनियम काढले. ते टॉवर आणि मॉल यांच्यासाठी ठीक. वाडीतल्या घराला तारे द्यायला कोणी येईल याची वाट मी तरी पाहणार नाही.

अडचण मला ठाऊक आहे. तुम्ही म्हणाल, मालक पैसे देत नाही. तो देत नाही कारण आपण मागत नाही. आपल्या एस्टिमेटमध्ये लाईट पॉइंट, पंखा पॉइंट, पॉवर पॉइंट असे रकाने असतात, नेटवर्क पॉइंटचा रकानाच नसतो. मग शेवटी ‘एवढा एक पाईप टाकून द्या’ म्हणून तो फुकटात जातो, आणि फुकटच्या कामावर कोणी टेस्टर लावत नाही. जो माल विकायलाच काढला नाही त्याचं गिऱ्हाईक नाही म्हणून रडणं खरं नाही.

म्हणून आजच्या खुल्या सत्रात मी ठराव मांडणार आहे: आपल्या सभासदांच्या छापील एस्टिमेटमध्ये नेटवर्क पॉइंटचा रकाना असावा, पाईप, तार, जोडणी आणि तपासणी यांचे दर वेगवेगळे लिहावेत, आणि आर्किटेक्टकडून आलेल्या नकाशात नेटवर्कची रेघ नसेल तर स्लॅबच्या आधी ती आपण मागून घ्यावी. दरांवर मतभेद होतील, ते व्हावेत. जेवणानंतर मागच्या खोलीत चार टेबलं मांडली आहेत. क्रिम्पिंग, फायबरचं तोंड साफ करणं आणि तार खरवडून ओळखणं तिथे हाताने करून बघता येईल. ज्यांच्या गाडीत उरलेल्या तारेचं खोकं असेल त्यांनी येताना हातभर तुकडा घेऊन यावं.