दूरध्वनी केंद्राचे स्थलांतर

मोठ्या कंपनीच्या कचेरीत पूर्वी दूरध्वनीचे एक लहानसे केंद्र असे; आलेला कॉल ऑपरेटर हव्या त्या टेबलाशी जोडून देई. आता हे केंद्र कचेरीतून उठून दूरवरच्या संगणकांत जाऊन बसले आहे आणि कंपनी त्याचे केवळ मासिक भाडे भरते. बोलणाऱ्याच्या आवाजाचे, सेकंदाच्या सुमारे पन्नासाव्या भागाएवढे, तुकडे इंटरनेटवरून धावतात व पलीकडे पुन्हा जुळतात. भारतात २०१८ साली साध्या दूरध्वनीशीही अशी जोडणी करण्याचा मार्ग मोकळा झाला. कचेरी पुण्यात, कर्मचारी लातूरला, तरी क्रमांक एकच! सोय निःसंशय मोठी आहे.

मात्र जुन्या काळ्या यंत्राचा एक गुण विस्मरणात जातो. त्याला तांब्याच्या तारेतून केंद्राकडूनच सुमारे ४८ व्होल्टचा प्रवाह मिळे; गावची वीज गेली तरी ते बोलत राही. नव्या यंत्राला व राउटरला जागेवरच वीज हवी. ब्रिटनमध्ये घरोघरच्या जोडण्या अशा बदलताना वृद्धांची संकटसूचक यंत्रे काही ठिकाणी निकामी ठरली. अखेर डिसेंबर २०२३ मध्ये तेथील प्रमुख कंपन्यांनी सक्तीचा बदल थांबविण्याचे मान्य केले. कारखान्यातील दवाखान्याचा दूरध्वनी बदलण्यापूर्वी राउटरची बॅटरी किती वेळ टिकते, हे मुख्य बटण बंद करून एकदा पाहून घेतलेले बरे.