पुढच्या सणापर्यंत थांबू नका



महाड-पोलादपूरच्या डोंगरवाड्यांतली कितीतरी कर्ती माणसं मुंबईला. गावी येणं गौरी-गणपतीला, नाहीतर शिमग्याला. मग शेतावर गेल्यावर दिसतं की बांध सरकलाय, आपल्या खाचरात दुसऱ्यानंच भात लावलंय, नाहीतर जायच्या वाटेवर कुंपण पडलंय. बैठक बसते, आवाज चढतात, आणि ‘पुढच्या सणाला बघू’ म्हणून चाकरमानी परततो. इथेच त्याचं मोठं नुकसान होतं.

जबरदस्तीनं ताबा काढून घेतला, तर विशिष्ट अनुतोष अधिनियम, 1963 च्या कलम 6 प्रमाणे दिवाणी न्यायालयात दावा करता येतो. या दाव्यात मालक कोण, हे पाहत नाहीत. ताबा कोणाचा होता आणि तो कायदा डावलून काढला का, एवढंच पाहतात. पण मुदत फक्त सहा महिन्यांची, आणि ती ताबा गेल्या दिवसापासून मोजतात. तुम्हाला कळल्या दिवसापासून नव्हे. जूनमध्ये कोणी नांगर घातला असेल, तर डिसेंबरात मुदत संपते. शिमगा फाल्गुनात! शेतजमिनीचा ताबा, शेतावरची वाट किंवा पाणी अडवलं असेल, तर 1906 च्या मामलतदार न्यायालय अधिनियमाखाली तहसीलदारांकडेही जाता येतं. मुदत तीच, सहा महिने.

ती हुकली म्हणून जमीन बुडत नाही. मालकीच्या आधारे ताबा मागायला साधारण 12 वर्षांची मुदत आहे. मात्र तिथे मालकी शाबीत करावी लागते, आणि सात-बारावर नाव आहे एवढ्यानं ती होत नाही. सात-बारा हा महसुली उतारा; उलट पुरावा येईपर्यंत त्यातली नोंद खरी धरतात, इतकंच. खरेदीखत, वाटपपत्र, वारसाचे फेरफार, कुळकायद्याचं प्रमाणपत्र, हे सगळं जुळवून ठेवा.

नुसत्या ‘पूर्वापार वहिवाटी’वर न्यायालय किती विश्वास ठेवतं, हे महाडनंच पाहिलंय. चवदार तळं आमचं खासगी, असा दावा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांविरुद्ध 1927 साली इथल्याच कोर्टात लागला. तळं नगरपालिकेचं ठरलं, वादींची वहिवाट शाबीत झाली नाही, आणि 17 मार्च 1937 रोजी उच्च न्यायालयानं तेच कायम केलं.

कोकणात कुळाचा प्रश्न वेगळा. खोती 1949 च्या कायद्यानं गेली, 1 एप्रिल 1957 ला कसणाऱ्या कुळांना मालकी मिळाली, तरी अर्धवट नोंदी अजून भांडणं लावतात. अमुक माणूस कूळ आहे का, हे दिवाणी न्यायालय ठरवत नाही. तो प्रश्न कुळकायद्याखाली तहसीलदारांचा. चुकीच्या दारात वर्षं घालवू नका.

आणि वाद नुसत्या हद्दीचा असेल, तर आधी भूमी अभिलेख कार्यालयाकडून हद्द कायम मोजणी करून घ्या. 22 जुलै 2021 च्या दरडींनी तळियेसारख्या गावांत बांधच गाडले गेले. तिथे नकाशाशिवाय बोलण्यात अर्थ नाही.

वकिलाच्या खर्चाची भीती बाळगू नका. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींचे लोक, तसंच पूर-दरडीसारख्या आपत्तीत सापडलेले, यांना मोफत वकील मिळतो. महाडच्या न्यायालयात विधी सेवा समितीकडे अर्ज करा, आणि सहा महिन्यांच्या आत करा.