शिकाऱ्याचं यंत्र, चितळांचा हिशेब



मी तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. निवृत्तीनंतर जंगलाच्या ओढीनं विदर्भातल्या वन्यप्राणी गणनेत स्वयंसेवक म्हणून जाऊ लागलो. तिथे माझ्याकडे एक काम आपसूक आलं, ते म्हणजे अंतर मोजणारी यंत्रं तपासून देण्याचं. आज त्या यंत्राविषयी आणि त्या निमित्तानं माझ्या हातून झालेल्या एका चुकीविषयी बोलणार आहे.

या यंत्राला लेसर रेंजफाइंडर म्हणतात. मुठीत मावणारी, एका डोळ्यानं पाहायची दुर्बीणच ती. समोरच्या वस्तूवर नेम धरायचा, बटण दाबायचं, की अंतराचा आकडा उमटतो. आत घडतं ते असं : यंत्रातून डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रकाशाचा एक ठोका सुटतो, वस्तूवर आपटून परत येतो आणि जाण्यायेण्याला लागलेला वेळ यंत्र मोजतं. शंभर मीटरवर जाऊन परत यायला प्रकाशाला एका सेकंदाच्या दहा लाखाव्या भागापेक्षाही कमी वेळ लागतो. १९६९ मध्ये चंद्रावर ठेवलेल्या आरशांवरून लेसरचा किरण परतवून चंद्राचं अंतर मोजलं गेलं, तेही याच तत्त्वावर. तिथे जाऊन यायला अडीच सेकंद लागतात, एवढाच फरक.

ही छोटी यंत्रं परदेशात खपतात ती मुख्यतः शिकारी, लांब पल्ल्याचे नेमबाज आणि गोल्फ खेळणारे यांच्यासाठी. बंदुकीची गोळी सरळ जाते असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात नळीतून सुटल्या क्षणापासून ती खाली येऊ लागते. अर्धा सेकंद हवेत राहिली तर सुमारे सव्वा मीटर खाली येते. अंतराचा अंदाज चुकला, की नेम चुकतो आणि जनावर जखमी होऊन रानात पळून जातं. म्हणून तिकडचे शिकारी यंत्र विकत घेतल्यावर आधी त्याची कसून परीक्षा घेतात.

आपल्याकडे १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि हौशी शिकारीचे दिवस संपत गेले. पण शिकाऱ्याचं हे यंत्र आपल्या वनरक्षकाच्या हातात आलं, ते प्राणी मोजण्यासाठी. २००६ पासून दर चार वर्षांनी देशभर वाघांची गणना होते. तिच्यात वाघाच्या भक्ष्याचीही मोजदाद असते. एका वाघाला वर्षाला साधारण पन्नास चितळाएवढी जनावरं लागतात. तेव्हा चितळ किती, हे कळल्याशिवाय वाघाचं भवितव्य कळत नाही.

पद्धत अशी. जंगलात एक सरळ रेषा आखतात. पहाटे दोघंतिघं त्या रेषेवरून हळूहळू चालतात. कळप दिसला, की किती जनावरं, किती अंतरावर आणि कोणत्या कोनात, हे लिहून घेतात. त्यावरून कळप रेषेपासून किती दूर होता ते काढतात. साठ मीटरवर, तीस अंशांच्या कोनात दिसलेला कळप रेषेपासून तीस मीटरवर असतो. जवळचं जनावर सहसा सुटत नाही, लांबचं सुटतं. किती सुटलं असेल याचं गणित या अंतरांवरूनच मांडतात. अंतर चुकलं, की सगळंच चुकलं.

म्हणून आम्ही यंत्रांची परीक्षा घ्यायचो. मैदानावर टेपनं मोजून दर वीस मीटरवर चुन्याची रेघ मारायची. प्रत्येक रेघेवर पांढरा पुठ्ठा, कोरडं गोणपाट आणि ओलं गोणपाट धरायचं. प्रत्येक यंत्रानं तीन जणांनी दहा-दहा वेळा मोजायचं. सकाळी एकदा आणि भर उन्हात एकदा. खोक्यावर हजार मीटर लिहिलेलं असलं, तरी तो पल्ला चकाकणाऱ्या फलकासाठीचा असतो. हरणाच्या मळकट अंगावरून फारच थोडा प्रकाश परततो. शिवाय मध्ये गवत आलं, की यंत्र गवताचंच अंतर दाखवतं. ऐंशी मीटरवरच्या गोणपाटाऐवजी आम्हाला एकतीस हा आकडा मिळाला, तो मधल्या बांबूचा होता! तेव्हापासून नियम केला : तीनदा मोजायचं, आणि जनावर झाडोऱ्यात असेल तर त्याच्या शेजारच्या झाडाच्या बुंध्यावर नेम धरायचा.

एवढी काळजी घेऊनही चूक झाली, आणि ती माझीच. सगळी यंत्रं तपासून झाल्यावर आदल्या रात्री एका यंत्राचे सेल मी बदलले. बटण चालतं का, हे पाहताना ते जरा जास्त वेळ दाबलं गेलं असावं. पुन्हा न तपासता मी ते यंत्र देऊन टाकलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी एक तरुण वनरक्षक माझ्याकडे आला. म्हणाला, "सर, चौकीपासून फाटकापर्यंत आपण टेपानं पन्नास मीटर मोजलं होतं ना? हे यंत्र तर पंचावन्न दाखवून राहिलं." मी यंत्र डोळ्याला लावलं. आकड्याशेजारी मीटरचं अक्षर नव्हतं, यार्डाचं होतं.

यार्ड मीटरपेक्षा लहान, म्हणून आकडा मोठा. अंतरं नऊ टक्क्यांनी फुगली. जनावरं तेवढीच, पण ती जास्त रुंद पट्ट्यात पसरलेली आहेत असं गणिताला वाटणार. म्हणजे शंभर चितळ असतील तिथे कागदावर एक्क्याण्णव राहणार. नऊ चितळ माझ्या एका बोटानं नाहीसे केले होते!

सगळे आकडे गुणून दुरुस्त करता आले असते. पण दोन तुकड्यांनी मध्येच यंत्रं बदलून घेतली होती आणि कोणत्या दिवशी कोणतं यंत्र कोणाकडे होतं, याची नोंद नव्हती. संध्याकाळी सर्वांसमोर मी चूक सांगितली. साहेब रागावले नाहीत. "लिहून द्या," एवढंच म्हणाले. दोन दिवसांच्या नोंदी बाद झाल्या आणि त्या पोरांना त्या रेषा पुन्हा चालाव्या लागल्या. कोणी मला बोललं नाही, त्याचंच जास्त वाईट वाटलं.

आता नोंदवहीत यंत्राचा क्रमांक लिहिण्याचा रकाना आहे. रोज पहाटे निघण्यापूर्वी प्रत्येक जण चौकीच्या ओट्यावर उभा राहून फाटकाचं अंतर मोजतो. पन्नास आलं, तरच पुढे निघायचं. ही रीत त्या वनरक्षकानं घालून दिली. मी शाळेत मुलांना आयुष्यभर सांगत आलो, की उत्तराशेजारी एकक लिहा, नाहीतर गुण कापीन. त्या सकाळी माझेच गुण कापले गेले, आणि कापणाऱ्यानं ते योग्यच केलं.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)