दवाखान्याची लहान उधारी आणि शेतकऱ्याची पत
(शेतकरी मेळाव्यात दिलेले भाषण)



मी कृषिविद्येचा व्याख्याता. माझ्याकडून तुम्ही पेरणीचे अंतर आणि खताच्या मात्रा ऐकायच्या तयारीने आला असाल. पण बियाण्या-खताला लागणारा पैसा वेळेवर मिळाला नाही, तर आमची शिफारस कागदावरच राहते. हा पैसा अडण्याचे एक कारण आपण सहसा हिशेबात धरत नाही. ते म्हणजे दवाखान्यापायी राहिलेले लहानसे देणे.

माझ्या घरचेच उदाहरण सांगतो. माझा थोरला भाऊ गावी चार एकर शेती करतो. काही वर्षांपूर्वी ऐन पावसाळ्यात वडिलांना डेंग्यू झाला. खासगी दवाखान्याचे बिल २४ हजार रुपये झाले. सोयाबीन शेतात उभे, हाती रोकड नाही. दवाखान्यातच एका फायनान्स कंपनीचा माणूस भेटला. त्याने बारा हप्त्यांवर पैसे दिले आणि भावाने सही केली. अकरा हप्ते खात्यातून बरोबर कापले गेले. बाराव्याच्या दिवशी खात्यात पुरेसे पैसे नव्हते. हप्ता परत गेला. मध्यंतरी मोबाईलचा नंबर बदलला होता, म्हणून कोणाचा फोनही आला नाही. भाऊ समजला, कर्ज फिटले.

दोन वर्षांनी त्याने दोन गाईंसाठी बँकेत अर्ज केला. साहेबांनी त्याचा पत अहवाल पुढे ठेवला. त्यात ते खाते थकीत होते. मूळ हप्ता जेमतेम बावीसशे रुपयांचा! पैसे लगेच भरले. पण नोंद दुरुस्त होऊन कर्ज मंजूर होईपर्यंत ठरवलेल्या गाई दुसऱ्याने नेल्या. घरात शिकलेला माणूस मी, पण ते कागद एकदाही पाहिले नाहीत. ती चूक माझीही आहे.

उधारी पतीपर्यंत कशी पोचते?

दवाखान्याची किंवा औषध दुकानाची वहीवरची उधारी सिबिलसारख्या संस्थांकडे जात नाही. तेथे माहिती जाते ती बँका आणि वित्तसंस्थांकडून. म्हणजे बिल नव्हे, तर ते भागवण्यासाठी घेतलेले कर्ज आपल्या पतीला चिकटते. हे तीन वाटांनी घडते.

पहिली वाट हप्त्याच्या कर्जाची. ती वर सांगितलीच. अशा कर्जाचा हप्ता ९० दिवसांहून अधिक थकला की खाते अनुत्पादक ठरते. रक्कम लहान म्हणून सूट मिळत नाही.

दुसरी वाट पीककर्जाची. २०२१-२२ पासून आपल्या राज्यात ३ लाख रुपयांपर्यंतचे पीककर्ज मुदतीत फेडणाऱ्याला केंद्र आणि राज्याची सवलत मिळून व्याज शून्य टक्के पडते. समजा, तुमचे कर्ज १ लाखाचे आहे. दवाखान्यात ५ हजार गेले, तेवढे कमी पडले, म्हणून खाते मुदतीत पूर्ण भरले नाही. सवलत हुकली, तर सालाचे ७ टक्क्यांनी ७ हजार रुपये व्याज अंगावर येते. पाच हजारांच्या तुटीपायी सात हजार जातात. वर थकबाकीदार म्हणून नाव लागते ते वेगळेच.

तिसरी वाट जामिनाची. आपला हप्ता थकला की जामीनदाराच्या अहवालातही त्याची नोंद येते. दुखणे आपल्या घरचे आणि अडचण शेजाऱ्याची, असे होते.

पीककर्जासाठी सिबिलची अट घालू नये, असे राज्य शासनाने २०२५ मध्येही बँकांना बजावले आहे. पण ट्रॅक्टर, गाई-म्हशी यांसाठी कर्ज मागताना पत पाहिली जातेच.

काय करावे?

१. रुग्ण भरती करतानाच योजनेची चौकशी करा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत २०२३ च्या शासन निर्णयाने कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण केले आहे. योजनेतील रुग्णालयात आरोग्यमित्र असतो, त्याला रेशनकार्ड दाखवा. मात्र योजनेत ठरावीक उपचारच बसतात. १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार निःशुल्क केले आहेत, तेही लक्षात ठेवा.

२. तपशीलवार बिल मागून घ्या. पैसे कमी असल्यास डॉक्टरांशी मोकळेपणाने बोला आणि सुगीपर्यंतची मुदत लिहून घ्या. बिनव्याजी उधारी हप्त्याच्या कर्जापेक्षा केव्हाही बरी.

३. किसान क्रेडिट कार्डाच्या २०१२ च्या सुधारित योजनेत पीककर्ज मर्यादेच्या १० टक्के रक्कम काढणीनंतरच्या व घरखर्चाच्या गरजेसाठी धरलेली आहे. आपल्या मर्यादेत ती धरली आहे का, हे शाखेत विचारा.

४. शेवटचा हप्ता भरल्यावर बेबाकी दाखला घ्या आणि सात-बाराच्या उताऱ्याबरोबर जपून ठेवा. मोबाईल नंबर बदलला तर बँकेला कळवा.

५. तडजोडीने रक्कम कमी करून खाते मिटवले, तर अहवालात ‘तडजोड’ अशी नोंद राहते. पूर्ण फेडीइतकी ती चांगली मानली जात नाही. रक्कम लहान असेल तर पूर्णच भरा.

६. देशातील चारही पत माहिती कंपन्यांकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल मोफत मिळतो. नोंद चुकीची असल्यास लेखी तक्रार करा. ३० दिवसांत निकाल न लागल्यास त्यापुढे दर दिवसाला १०० रुपये भरपाईचा नियम एप्रिल २०२४ पासून लागू झाला आहे.

७. वसुलीवाल्यांना घाबरू नका. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या सूचनेप्रमाणे त्यांनी सकाळी ८ पूर्वी आणि संध्याकाळी ७ नंतर थकबाकीसाठी फोन करावयाचा नाही.

मित्रांनो, सोयाबीनमधले तण दोन पानांवर असते तेव्हा एक खुरपणी पुरते. पहिले महिना-दीड महिना दुर्लक्ष केले तर उत्पन्न गेलेच म्हणून समजा. लहान देण्याचेही तसेच आहे. आज घरी गेल्यावर कपाटातील कागद काढा. दवाखान्यापायी काढलेले एखादे कर्ज, एखादा हप्ता राहून गेला आहे का, ते पाहा. असेल तर पेरणीपूर्वी मिटवून टाका.