गवत कापणाऱ्या यंत्रानें भात कापावयाचें तर

खेड तालुक्यांतील चाकरमानी गणपतीला गांवीं येतो आणि शिमग्याला येतो. भात मात्र या दोन सणांच्या मधें पिकतें. आश्विनांत हळवें भात पिवळें पडतें, परतीचा पाऊस अजून कशेडीच्या डोंगरावर घुटमळत असतो, आणि विळा धरणारे हात मुंबईला असतात. पिकलेलें भात अधिक दिवस उभें राहिलें कीं दाणा झडूं लागतो. आडवें पडून भिजलें तर लोंबींतच त्याला मोड येतात. वर्षाचें अन्न हातचें जाण्यास आठवडाभराची दिरंगाई पुरते. अशा वेळीं ज्याच्या पडवींत पात्यांच्या पट्टीचें एखादें जुनें गवतकापणी यंत्र धूळ खात उभें असेल, त्याची दृष्टि तिकडे वळणें साहजिक आहे. गवत कापतें, मग भात कां कापूं नये?

कापतें, यांत संशय नाहीं. अडचण कापण्यांत नसून कापल्यानंतरच्या क्षणांत आहे. गवत जेथल्या तेथें पसरलें तरी बिघडत नाहीं. उलट वाळावें म्हणून तें पसरावेंच लागतें. भाताची गोष्ट निराळी. त्याच्या लोंब्या एका दिशेला राहिल्या पाहिजेत, पेंढी बांधतां आली पाहिजे, आणि यंत्राच्या पुढच्या फेरींत चाकाखालीं दाणा चिरडतां कामा नये. विळ्यानें कापणारी बाई डाव्या हातानें मूठ धरते व ती मूठ नीट बाजूला ठेवते. त्या डाव्या हाताचें मोल येथें कळतें. यंत्राला कापणारा उजवा हात तेवढा आहे. जोड करावयाची ती डाव्या हाताची.

ही अडचण खेडची एकट्याची नव्हे; ती या यंत्राच्या जन्माइतकीच जुनी आहे. स्कॉटलंडांतील पॅट्रिक बेल यानें १८२८ च्या सुमारास जें कापणीयंत्र चालविलें, त्यांत घोडे मागून ढकलीत असत आणि कापलेलें पीक सरकत्या कापडावरून बाजूला पडे. अमेरिकेंत ओबेद हसी यानें १८३३ सालीं व सायरस मॅकॉर्मिक यानें १८३४ सालीं आपापल्या यंत्रांचे एकाधिकार मिळविले. बोटांच्या खांचांतून इकडून तिकडे सरकणारीं त्रिकोणी पातीं, ही आजच्या पट्टीची रचना मुख्यतः हसीच्या वळणाची आहे. पुढें एकच यंत्र गवताला व धान्याला दोहोंना चालावें म्हणून कारखानदार जी जोड देऊं लागले, ती अगदीं साधी होती. पट्टीच्या मागें बिजागरीवर लाकडी कामट्यांची एक जाळी बसवीत. हांकणारा पायाच्या दाबानें जाळीची मागची कड उचललेली ठेवी. कापलेलें पीक तिच्यावर साठे. पेंढीएवढा भार झाला कीं पाय सैल सोडावयाचा. कड जमिनीला टेके, आणि उभीं धसकटेंच ती पेंढी मागें ओढून घेत.

ही जाळी करण्यास कारखान्याची गरज नाहीं. खेडच्या सुताराला आईन, किंजळ हीं लांकडें नवीं नाहींत, आणि कामट्यांना बांबू पुरतो. मात्र ती बसते ज्याची पट्टी एका अंगाला काढलेली असते अशाच यंत्राला. म्हणजे पूर्वीं जनावरांनीं ओढावयाच्या, आणि पुढें ट्रॅक्टरला जोडलेल्या यंत्राला. त्याला पुरेशी मोकळी जागा लागते, ती जगबुडीच्या कांठच्या मळ्यांत कदाचित् मिळेल. डोंगरउताराच्या खाचरांत ट्रॅक्टर वळवितां वळवितां बांध ढासळावयाचे. तेथें माणूस मागें चालून हांकतो तें लहान यंत्र हवें, आणि त्याची पट्टी पुढें असल्यानें तिच्या पाठीमागें लगेच चाकें येतात. जाळीला जागाच उरत नाहीं.

अशा यंत्राला निराळी जोड लागते. १९८० नंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांत फिलिपाईन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्था व चीनमधील कृषियंत्र संशोधक यांनीं मिळून लहान भातकापणी यंत्र सिद्ध केलें. त्यांत पट्टीच्या वर उभा पडदा असून त्यावर गुट्ट्या लावलेले पट्टे आडवे फिरतात. चांदणीच्या आकाराचीं चाकें काडांना आंत घेतात. कापलेलें भात आडवें न होतां उभ्या उभ्याच कडेला नेलें जातें आणि तेथें ओळीनें निजविलें जातें. बेलचें सरकतें कापडच जणूं उभें केलें! ही जोड पॉवर टिलरलाही लागते. तिचे पट्टे व चाकें तयार घ्यावीं; सांगाडा व पकडी मात्र यंत्राच्या मापानें वेल्डिंग करून घेणें सोयीचें, कारण जुन्या यंत्रावर तयार सांगाडा सहसा जसाच्या तसा बसत नाहीं.

जोडीच्या आधीं मूळ पट्टी चालती व्हावी लागते, आणि येथें पुष्कळांचा निष्कारण धीर सुटतो. कारखाना बंद पडला, आतां सुटे भाग कोठले? परंतु अशा पुष्कळ यंत्रांत दोन बोटांमधील अंतर ३ इंच, म्हणजे ७६.२ मिलिमीटर असतें, आणि पातेंही तेवढेंच रुंद. आपल्याकडील मोठ्या कापणी-मळणी यंत्रांचीं पातीं याच मापाचीं असतात व बाजारांत मिळतात. जुनें पातें सोडवून बरोबर न्यावें, रिव्हेटांच्या भोंकांचें अंतर व पात्याची जाडी ताडून पाहावी. पातीं गांवांत घडविण्याचा मोह मात्र नसावा. त्यांची धार कडक आणि पाठ मऊ लागते. भट्टींत असें पाणी देणें फार थोड्यांना साधतें. उलट पडलेलें भात उचलणाऱ्या पट्ट्या गाडीच्या जुन्या पाट्यांतून लोहार सहज काढून देईल, आणि पट्टीच्या टोकाशीं कापलेलें व उभें पीक वेगळें करणारी फळी सुतारच करील.

पात्यांविषयीं आणखी एक गोष्ट. गवताला गुळगुळीत धार चालते, ती वरचेवर घांसावी लागते. भाताच्या चिवट काडाला दांतेरी पातें बरें. हें विळा धरणाऱ्यास सांगावयास नकोच. दापोलीच्या कोंकण कृषि विद्यापीठानें, जें १९७२ सालीं स्थापन झालें, प्रसृत केलेला वैभव विळाही दांतेरीच आहे, आणि त्यानें भात जमिनीलगत कापतां येतें. यंत्राची पट्टीही शक्य तितकी खालीं ठेवावी, म्हणजे धसकटांत खोडकिड्याला आसरा कमी राहतो. मात्र जांभ्याच्या दगडाला एक बोट आपटलें तर तें वांकतें, आणि वांकलेल्या बोटांतून पातें अडखळूं लागतें. म्हणून खाचर आधीं पायांखालून घालावें. सरकण्याच्या दोन्ही टोकांना पात्याचा मध्य बोटाच्या मध्याशीं येतो कीं नाहीं, हेंही पाहावें. न आल्यास यंत्र कापण्याऐवजीं काड चावतें, आणि दोष नव्या जोडीच्या माथीं बसतो.

पट्टींत काड अडकलें तर आधीं इंजिन बंद करावें, मगच हात घालावा. नुसता क्लच सोडून भागत नाहीं; त्या पात्याला बोट आणि काड यांतला भेद कळत नाहीं.

बांधांच्या कडेचें आणि कोपऱ्यांतील भात यंत्र शिरण्यापूर्वीं विळ्यानेंच कापून घ्यावें लागतें. लहान खाचरांत हें काम थोडें नसतें. पण तें घरांत उरलेल्या दोघातिघांच्या आवांक्यांतलें असतें.