दर दोन तासांनी





पुनर्वसनाचे काम पुणे शहराला नवे नाही. हातपाय गमावलेल्या सैनिकांसाठी १९४४ साली येथे कृत्रिम अवयव केंद्र उभे राहिले. खडकीत मज्जारज्जूला इजा झालेल्या जवानांसाठी केंद्र आहे. १९६५च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झालेले आपले मुरलीकांत पेटकर उपचार म्हणून पाण्यात उतरले आणि १९७२ साली हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये जलतरणात त्यांनी भारताला पहिले सुवर्णपदक मिळवून दिले.

आता थोडे घरचे सांगतो. माझा धाकटा भाऊ एकोणिसाव्या वर्षी आंबे उतरवताना झाडावरून पडला. कमरेखालची संवेदना गेली. शस्त्रक्रिया चांगली झाली, औषधांचा कागद हाती मिळाला. पण दर दोन तासांनी त्याची कूस बदला, हे मात्र आम्हाला कुणी सांगितले नाही. त्याला दुखत नव्हते, म्हणून आम्हालाही कळले नाही. महिन्याभरात माकडहाडावर खोल शय्याव्रण, म्हणजे एकाच कुशीवर पडून राहिल्याने होणारी जखम, झाले. पुढे कितीतरी वर्षे आई गजर लावून रात्री उठत असे.

मंडळी, ही माहिती तेव्हाही नवी नव्हती. १९४४ साली इंग्लंडमधील स्टोक मँडविल रुग्णालयात डॉ. लुडविग गुटमन यांनी मज्जारज्जूला इजा झालेल्या आपल्या रुग्णांची कूस दर दोन तासांनी बदलण्याचा नेम घालून दिला. तोवर असे रुग्ण शय्याव्रणाने आणि मूत्रमार्गाच्या संसर्गाने दगावत. २९ जुलै १९४८ रोजी, लंडन ऑलिंपिकच्या उद्घाटनाच्या दिवशी, गुटमन यांनी सोळा जणांची तिरंदाजी स्पर्धा भरवली. पॅरालिम्पिकची मुळे तिथली.

ज्ञान होते, ते आमच्या उंबऱ्यापर्यंत पोहोचले नव्हते. म्हणून संशोधक, डॉक्टर, परिचारिका आणि फिजिओथेरपिस्ट यांच्या या परिषदेकडे स्वागताध्यक्ष या नात्याने माझे एकच मागणे आहे : संशोधनाने रुग्णाबरोबर घरी यावे. ‘जयपूर फूट’ हा कृत्रिम पाय घडला तो असाच. आपली माणसे उकिडवी बसतात, अनवाणी चालतात, चिखलात उतरतात, हे कारागीर रामचंद्र शर्मा आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी पाहिले आणि मग पाऊल तयार केले.

२०१६च्या कायद्याने अपंगत्वाचे एकवीस प्रकार मानले. १९९५च्या कायद्यात ते सातच होते. यादी वाढली, तशी आपली जबाबदारीही वाढली. वर्षानुवर्षे चाके ढकलून तरुणांचे खांदे झिजतात, त्यांची मूत्रपिंडे जपावी लागतात, मनही जपावे लागते. व्हीलचेअरवरच्या मुलाने व्यायाम कुठे करायचा, मुलीने स्वच्छतागृह कुठे शोधायचे? अपंग माणसालाही निरोगी राहण्याचा हक्क आहे. या प्रश्नांवर प्रबंध व्हावेत आणि त्यांचे निष्कर्ष आशा स्वयंसेविकांच्या तोंडी, साध्या मराठीत, घरोघरी जावेत.

या सभागृहाचा उतार आणि स्वच्छतागृहे आमच्या स्वयंसेवकांनी स्वतः व्हीलचेअरवर बसून तपासली आहेत. तरी काही उणे राहिले असेल, तर हक्काने सांगा.

आजचे पहिले सत्र पहिल्या रांगेत व्हीलचेअरवर बसलेल्या तरुणांचे आहे. प्रश्न ते मांडतील. आपण वह्या उघडून ऐकू या.